ओलं ते आजचं

आजीच्या फडताळात ओली वस्तू एकही नसे. वेंगुर्ल्याच्या घरात माजघराच्या भिंतीतच ते फडताळ होतं आणि अंगाला, केसांना लावायचं सगळं तिथे असायचं. पत्र्याच्या डब्यात शिकेकाईची पूड, चिनी मातीच्या बरणीत खोबरेल, कागदात गुंडाळलेले कोकमतेलाचे गोळे, हळकुंडं, वेखंडाचे तुकडे, चंदनाचं झिजलेलं खोड, पितळी डबीत काजळ. एक तर ठणठणीत कोरडं, नाहीतर निव्वळ स्निग्ध. जे ओलं करायचं ते सहाणेवर, हवं तेवढंच, आणि ते तिथल्या तिथे संपायचं. उगाळलेलं गंध किंवा भिजवलेलं पीठ उद्यासाठी झाकून ठेवलेलं मी त्या घरात कधी पाहिलं नाही.

मी गेली कित्येक वर्षं घरी उटणं करते, केसांचं तेल करते, ओठांना आणि टाचांना लावायचं मलम करते, अधूनमधून साबणही करते. जितकं करत गेले तितकं मला त्या फडताळाचं शहाणपण पटत गेलं. घरगुती प्रसाधनांबद्दल हल्ली जे बोललं जातं त्यात बहुतेक वेळा चर्चा वनस्पतींची असते. कोरफड चांगली की पपई, केशर घालायचं की गुलाब. माझ्या मते पहिला प्रश्न वनस्पतीचा नाहीच. पहिला प्रश्न आहे, यात पाणी आहे का?

जंतूंना आणि बुरशीला वाढायला पाणी लागतं. नितळ तेलात, तुपात, मेणात ते त्यांना मिळत नाही. कोरड्या पुडीतही मिळत नाही. तेल बिघडतं ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे, आणि बिघडलं की खवट वास येऊन आपल्याला कळतं. पाणी मिसळलेल्या मलमाचं तसं नसतं. त्यात जंतू लाखांनी वाढले तरी डोळ्याला दिसत नाहीत, वासही येईलच असं नाही. बुरशीचा ठिपका दिसेपर्यंत आपण ते आठवडाभर चेहऱ्याला चोळलेलं असतं. त्यात कुठे पुरळ फुटलेलं असलं, खाजवून ओरखडा उठलेला असला, तर जंतूंना आत शिरायला वाट आयतीच मिळते.

आजी माक्याचं तेल करायची तेव्हा तिचं सगळं लक्ष पाणी घालवण्यावर असे. ताजा माका धुवून, पाट्यावर वाटून, त्याचा हिरवागार रस खोबरेलात घालून ती कढई मंद विस्तवावर ठेवायची. सुरुवातीला कढई जोरात चरचरायची. मग आवाज हळूहळू बारीक होत जायचा आणि ती मान कलती करून ऐकत राहायची. आम्हाला घाई झाली की म्हणायची, "पाणी रवला तर तेल नासतला." चरचर पूर्ण थांबल्याशिवाय कढई उतरत नसे.

पुढे आयुर्वेदातल्या तैलपाकाबद्दल वाचलं तेव्हा मला तिचीच पद्धत तिथे शास्त्र म्हणून मांडलेली दिसली. तेल सिद्ध झालं की नाही हे ओळखायच्या ज्या कसोट्या आहेत, त्यातली एक अशी: कढईतला कल्क, म्हणजे वाटलेल्या वनस्पतीचा चोथा, बोटांनी वळावा, त्याची वात होते का बघावं आणि ती विस्तवात टाकावी. तडतडली तर पाणी शिल्लक आहे. आवाज न होता जळली तर तेल तयार. आणखी एक खूण फेसाची आहे: तेल सिद्ध होताना त्यावर फेस येतो, तुपाचा फेस मात्र शमतो. सूक्ष्मदर्शक नसलेल्या काळात पाण्याचा अंश ऐकून आणि बघून ओळखायची ही रीत मला फार मोलाची वाटते. मी आजही गॅसवर तेल करताना ती वात करून बघते, आणि अजून तरी माझं तेल नासलेलं नाही.

आता बाटलीतली कोरफड. कोरफडीचं पान कापून थोडा वेळ उभं ठेवावं, म्हणजे सालीखालचा पिवळा चीक गळून जातो. हा चीक अनेकांच्या त्वचेला झोंबतो, खाज आणतो, त्यामुळे ही पायरी गाळू नये. मग आतला पारदर्शक गर काढून लावला तर उन्हातून आल्यावर त्याच्यासारखा गारवा दुसरा नाही. पण हा गर जवळजवळ सगळा पाणीच असतो. तो मिक्सरमधून काढून, बाटलीत भरून, वर जीवनसत्त्व ई ची गोळी फोडून महिनाभर वापरायचा सल्ला मी ठिकठिकाणी ऐकते आणि मला काळजी वाटते. जीवनसत्त्व ई तेलाला खवट होण्यापासून काही काळ वाचवतं. जंतूंवर त्याचा काही उपयोग नाही. फ्रिजमध्ये जंतूंची वाढ मंदावते, थांबत नाही. गुलाबाच्या पाकळ्या उकळून केलेलं पाणी, तांदळाचं धुवण, काकडीचा रस, दुधाची साय, मध-दह्याचा लेप, या सगळ्यांचा हिशोब तोच. करावं, लावावं, उरलं तर टाकावं.

क्रीम म्हणजे तर तेल आणि पाणी एकजीव केलेलं. रोमन काळातल्या गेलेन या वैद्याने मेण, ऑलिव्हचं तेल आणि गुलाबपाणी घोटून जे मलम केलं, ते कोल्ड क्रीमचं मूळ मानतात. ते त्वचेवर लावलं की त्यातलं पाणी उडून गार वाटतं. पण तेही फार दिवस टिकणारं नव्हतं. आज दुकानात मिळणारं क्रीम दोन दोन वर्षं टिकतं ते त्यातल्या परिरक्षकांमुळे. फिनॉक्सिइथेनॉलसारखं परिरक्षक जास्तीत जास्त १ टक्का वापरायला परवानगी असते, आणि एवढ्याशा प्रमाणात ते जंतूंना रोखून धरतं. 'रसायन' म्हणून त्याची भीती घालणं मला पटत नाही. जंतूंनी भरलेली नैसर्गिक डबी त्याहून कितीतरी धोक्याची. म्हणून मी क्रीम घरी करत नाही. बिनपाण्याचं घरी करते, पाण्याचं बाजारातून आणते.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हा समज तर मराठी माणसाने धरूच नये. आपल्याकडे बिब्बा आहे. बिब्ब्याचं तेल अंगावर उततं, फोड येतात, काळे डाग राहतात, हे गावाकडच्या लहान मुलालाही ठाऊक असतं. तरी तोच बिब्बा जपून, अगदी टोकाएवढा, टाचेच्या भेगांवर वापरणारी माणसं होती. बिब्ब्याच्याच कुळातला काजू. त्याच्या टरफलातल्या तेलाने हात भाजतात, म्हणून काजू सोलणाऱ्या बायका हाताला राख किंवा तेल चोळून बसतात. पुस्तकात न वाचता त्यांना हे माहीत असतं. शहरातल्या आपण मात्र 'हर्बल' शब्द दिसला की निर्धास्त होतो.

लिंबाचंच घ्या. लिंबाच्या रसाचा सामू, म्हणजे पीएच, २ च्या आसपास असतो (हा आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त), आणि त्वचेचा पृष्ठभाग ४.५ ते ५.५ वर सुखाने राहतो. त्यात लिंबाच्या सालीत आणि रसात असे पदार्थ असतात की ते अंगावर राहिले आणि ऊन लागलं तर त्वचा भाजते आणि काळपट चट्टे उठतात, जे जायला महिने लागतात. उजळपणासाठी लिंबू चोळायचं आणि मग भर उन्हात बाहेर पडायचं, याने नेमकं उलटं होतं. बावचीचंही तसंच. तिच्या बियांतला सोरॅलेन त्वचेला उन्हाबाबत फार हळवी करतो, म्हणूनच कोडावरच्या उपचारात बावची आणि ऊन यांची जोडी आहे. उटण्याच्या काही कृतींत बावची असते. मी ती घालत नाही. उटणं लावून आपण उन्हात हिंडतो, आणि कुणाची त्वचा कशी वागेल याचा अंदाज मला घेता येत नाही.

उटण्याबद्दल मात्र मी कितीही वेळ बोलू शकते, कारण कोरड्या प्रसाधनांत त्याच्याइतकी विचारपूर्वक केलेली दुसरी वस्तू मला ठाऊक नाही.

माझ्या उटण्याची सुरुवात दिवाळीत होत नाही, फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. तेव्हा मृग बहाराची नागपुरी संत्री बाजारात असतात. साली कोमट पाण्यात चोळून धुवायच्या, आतला पांढरा भाग शक्य तेवढा खरवडायचा आणि त्या सावलीत, वाऱ्याला वाळवायच्या. कडक उन्हात वाळवल्या की वास उडतो. साल हातात धरून मोडली तर कट्कन मोडली पाहिजे. वाकली तर अजून ओल आहे. पावसाळ्याआधी हे सगळं घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत गेलं पाहिजे, नाहीतर जूनच्या दमट हवेत साली पुन्हा मऊ होतात आणि मग त्यांना बुरा यायला वेळ लागत नाही.

बाकीचं मी गणपती झाल्यावर काष्ठौषधींच्या दुकानातून आणते. पुण्यात मंडईच्या आसपास अशी दुकानं अजून आहेत, जिथे पोत्यातून काढून, तराजूत टाकून देतात. अशा दुकानात मी पूड घेत नाही, अख्खी वस्तू घेते. नागरमोथ्याच्या काळ्या, केसाळ गाठी. शेतकरी ज्या लव्हाळ्याला वैतागलेला असतो त्याच्याच कुळातल्या, पण कुटल्या की मातीचा गोड वास सुटतो. कपूरकाचरीच्या पांढऱ्या चकत्या. वाळ्याची मुळं. आंबेहळद. देशी गुलाबाच्या वाळलेल्या पाकळ्या. अख्खं घेण्याचं कारण साधं आहे. गाठ दिसते, तिचा वास कळतो, कीड लागली असेल तर भोक दिसतं. पुडीत काय मिसळलंय ते आपल्याला ओळखता येत नाही. हळदीच्या बाबतीत तर हे जिवाशी खेळणं आहे. पिवळेपणा वाढावा म्हणून हळदीत शिशाचं क्रोमेट मिसळलं जात असल्याचं बांगलादेशात संशोधकांनी दाखवून दिलंय. लहान बाळाच्या डाळीच्या पिठात घालायची हळद म्हणून मी हळकुंडं आणून घरी दळते.

प्रमाण असं. दोन वाट्या मसुरीच्या डाळीचं पीठ, एक वाटी संत्र्याच्या सालीची पूड, नागरमोथा आणि कपूरकाचरी अर्धी अर्धी वाटी, आंबेहळद पाव वाटी, वाळा आणि गुलाब मुठीमुठीने. चेहरा तेलकट असलेल्यांना मी वेगळी मुलतानी माती देते, सगळ्यांच्या उटण्यात मिसळत नाही, कारण कोरड्या त्वचेला ती आणखी ओढून काढते. सगळं वेगवेगळं दळायचं, कारण वाळ्याची मुळं आणि डाळ एकत्र दळली तर डाळ पीठ होते आणि वाळा दोरेच राहतो. मग मलमलच्या कापडातून वस्त्रगाळ करायचं. हे काम कंटाळवाणं आहे, हाताला कळ लागते, घरभर धूळ होते, तरी यात सूट घेऊ नये. चाळणीतून निसटलेले जाडसर कण चेहऱ्यावर चोळले की बारीक ओरखडे उठतात. वर उरलेला जाड भाग मी फेकत नाही, तळपायांना वापरते.

नरक चतुर्दशीला आधी तिळाचं तेल आणि मग उटणं, हा क्रम मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. ऑक्टोबरचा उकाडा सरतो, हवेतली ओल उतरते, देशावर तर दोन आठवड्यांत अंग पांढरं पडायला लागतं. अशा वेळी आधी तेल मुरवायचं, आणि जास्तीचं तेवढं डाळीच्या पिठाने टिपून घ्यायचं. साबण सगळंच तेल धुऊन नेतो. पीठ थोडं मागे ठेवतं. आणि कालवायचं ते पाटावर बसल्यावर, वाटीत, एका माणसापुरतं. दूध घाला, पाणी घाला, सुवासिक तेलाचे दोन थेंब घाला. वाटी धुतली की विषय संपला.

साबणाबद्दल थोडक्यात. खरा साबण कॉस्टिक सोड्याशिवाय होत नाही. 'केमिकल-फ्री साबण' असं कुणी म्हणालं तर एक तर त्यांनी तयार साबणाचा ठोकळा वितळवलाय, किंवा सोड्याचं नाव घेतलेलं नाही. नीट मुरलेल्या साबणात सोडा उरत नाही, तेलाशी संयोग पावून तो संपतो; पण त्यासाठी वजन काटेकोर लागतं. १ किलो खोबरेलाला सुमारे १८० ग्रॅम सोडा लागतो, तर तिळाच्या तेलाला १३५ ग्रॅमच्या आसपासच. वाटी-चमच्याने मोजायचं हे काम नाही. सोडा नेहमी पाण्यात सोडायचा, पाणी सोड्यावर कधीही ओतायचं नाही. ॲल्युमिनियमचं भांडं नको, चष्मा आणि हातमोजे हवेतच, आणि घरात रांगतं मूल असेल तर हा उद्योग काही वर्षं पुढे ढकलावा. वड्या पाडल्यावर चार ते सहा आठवडे वाऱ्यावर ठेवाव्या लागतात. एवढं करूनही साबण क्षारीयच राहतो, म्हणून मी तो हातापायांना वापरते, चेहऱ्याला नाही.

आणि कोकमतेल. पुण्यात राहायला आले तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात माझ्या टाचा फुटल्या. कोकणात वर्षभर हवेतच ओल असते, त्यामुळे खोबरेल पुरे होतं. इथे डिसेंबरात बाटलीतलं खोबरेलच थिजून बसतं, कारण ते २४-२५ अंशांखाली गोठतं. तेव्हा मामीने गावाहून कोकमतेलाचे गोळे धाडले. तेव्हापासून माझ्या कपाटात ते नाहीत असं झालेलं नाही.

एप्रिल-मे महिन्यांत रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात. सालींची आमसुलं होतात, गराचं आगळ होतं आणि बिया खाली उरतात. त्या धुवून, उन्हात खडखडीत वाळवून ठेवतात आणि सवड मिळाली की फोडतात. आतला गर बारीक कुटून पाण्यात उकळत ठेवला की तेल वर तरंगतं. ते काढून निववायचं आणि थिजत आलं की मुठीत दाबून गोळा करायचा. गोव्यात याला भिरंडेल म्हणतात. स्टिअरिक आणि ओलेइक ही दोन स्निग्धाम्लं त्यात भरपूर, म्हणून ते इतकं टणक असतं आणि सहसा खवट होत नाही. ते ३८ ते ४२ अंशांच्या दरम्यान वितळतं, म्हणजे अंगाच्या उष्णतेच्या जरा वर. त्यामुळे नुसतं चोळून ते पसरत नाही. आजी गोळा चिमणीच्या ज्योतीजवळ धरायची आणि पाघळलेलं तेल जरा निवू देऊन बोटाने भेगेत भरायची. तिथे ते थिजून बसायचं आणि भेग रात्रभर बंद राहायची. आतली ओल उडत नाही म्हणूनच कातडी भरून यायला वेळ मिळतो. ही वस्तू घाटावरच्या कोरड्या हवेसाठी खरं तर जास्त गरजेची, आणि घाटावरच्या घरांत ती कमी ठाऊक आहे, याची मला खंत वाटते. दूरदेशीचं शिया बटर शहरात सहज मिळतं, आणि आपल्याच किनाऱ्यावरचं हे तेल मात्र पाहुण्यांकरवी मागवावं लागतं.

माझं मलम याचंच. ४० ग्रॅम कोकमतेल, ५० ग्रॅम तिळाचं तेल, १० ग्रॅम मधमाशांचं मेण. मेण ६२ अंशांच्या पुढे वितळतं, म्हणून ते आधी, पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवायचं. मग कोकमतेल, मग तीळतेल. गॅसवर थेट ठेवायचं नाही. डब्या धुवून नुसत्या पुसायच्या नाहीत, उन्हात तापू द्यायच्या, कारण झाकणाखाली राहिलेला पाण्याचा एक थेंबही पुरेसा असतो. वापरताना बोट कोरडं हवं. न्हाणीघरात डबी ठेवायची नाही. सुगंधी तेलं मी यात घालत नाही. टी ट्री, लव्हेंडर यांची तेलं जुनी होऊन हवेने बदलली की त्यांची ॲलर्जी येण्याचा संभव वाढतो, आणि फुटलेल्या टाचेला सुवासाची गरज नसते. नव्या माणसाला देताना आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघायला सांगते.

ऊन अडवणारं क्रीम मात्र घरी करू नये. झिंक ऑक्साइडची पूड मलमात कालवून ते होत नाही. पूड सगळीकडे सारखी पसरली आहे का, ऊन किती अडतंय, हे तपासायचं साधन घरात नसतं, आणि अडलं नाही हे कळतं ते त्वचा भाजल्यावर.

हे सगळं विकत का देत नाहीस, असं मैत्रिणी विचारतात. विकायचं तर परवाना हवा. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आहे, २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम आहेत, आणि मला हे बंधन योग्य वाटतं. अनोळखी माणसाच्या त्वचेची जबाबदारी घ्यायची तर तपासणी व्हायलाच हवी. मी ओळखीतल्यांना तशीच देते आणि डबीवर काय घातलंय, कधी केलंय आणि कधीपर्यंत वापरायचं ते लिहिते. ज्यांना मधुमेह आहे, किंवा ज्यांच्या भेगांतून रक्त, पू येतो, त्यांनी मागितली तरी देत नाही. त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवते, आणि शेजारच्या काकूंना तर मी स्वतः घेऊन गेले.